मूळ पूर्ण न झालेल्या कायमच्या दाताला मार लागला, तर रूट कॅनॉल कधी आणि कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा आठ वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी तो पडला आणि वरचा पुढचा कायमचा दात तिरका तुटला. तेव्हा तुटलेल्या जागी कंपोझिट (दाताच्या रंगाचं चिकटणारं भरण) लावून दात सारखा करून दिला. आता तो दात करडा दिसतोय आणि वरच्या हिरडीवर एक पुळी येते, फुटते, पुन्हा येते. दुखत काहीच नाही. एक डॉक्टर म्हणाले रूट कॅनॉल करून टाकू. दुसरे म्हणाले मुळाचं टोक उघडं आहे, नेहमीचं रूट कॅनॉल इथे चालणार नाही. तिसरा सल्ला दात काढून टाकण्याचा मिळाला. यातलं कोणाचं ऐकायचं, असं आईवडील विचारतायत.

सरळ सांगायचं तर दात काढू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. या दाताला उपचार लागणार, तो रूट कॅनॉलच्या वाटेनेच होणार, पण पद्धत वेगळी असेल आणि घाईघाईत एका बैठकीत उरकण्यासारखी नसेल. कोणती पद्धत निवडायची हे मूळ किती तयार झालंय यावर ठरतं. ते नीट समजावं म्हणून थोडं मागून सांगते.

वरचे पुढचे दोन कायमचे दात सात-आठ वर्षांच्या सुमारास येतात. हिरडीबाहेर अख्खा दात दिसला की तो पूर्ण झाला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दात उगवतो तेव्हा मूळ साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांशच झालेलं असतं. पुढची तीनेक वर्षं ते आतल्या आत वाढत राहतं. लांबी वाढते, भिंती जाड होतात, मग टोक हळूहळू मिटतं. भिंती जाड करण्याचं काम दाताच्या आतला मऊ गर करतो. यालाच आपण नस म्हणतो आणि दवाखान्यात पल्प. मुळाला लांबी आणि आकार देण्याचं काम टोकापाशी असलेलं हर्टविगचं आवरण नावाचं पेशींचं नाजूक अस्तर करतं. आता मुलं पडतात, आपटतात ती नेमकी कोणत्या वयात? सात ते दहा. ज्यांचे वरचे दात पुढे आलेले आहेत आणि ओठ ते झाकत नाही, त्यांच्या दातांना मार लागण्याचा धोका आणखी जास्त.

पल्प मेला की मूळ त्या दिवशी जसं होतं तसंच थांबतं. आखूड, पातळ भिंतींचं आणि टोकाशी नरसाळ्यासारखं उघडं. नेहमीच्या रूट कॅनॉलमध्ये फाइलने, म्हणजे सुईसारख्या बारीक कानशीने, आतली भिंत घासून साफ करतात, टोकाशी अरुंद थांबा तयार करतात आणि गट्टापर्चा नावाचं रबरासारखं भरण दाबून भरतात. इथे घासायला भिंतच नाही आणि थांबायला जागा नाही. भरलेला गट्टापर्चा सरळ हाडात जातो. शिवाय एक्स-रे आपल्याला दाताची एकच बाजू दाखवतो, डावी-उजवी. ओठाकडून टाळूकडे जाणारी रुंदी त्यात दिसत नाही, आणि टोक त्याच दिशेने सगळ्यात शेवटी मिटतं. त्यामुळे एक्स-रेवर टोक जवळजवळ बंद दिसत असलं तरी प्रत्यक्षात ते चांगलं मोकळं असू शकतं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत पुळी आहे, म्हणजे पल्प मेला आणि आत जंतू पोचले, याबद्दल फारशी शंका उरत नाही. तरी त्या पुळीच्या तोंडातून गट्टापर्चाची बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढायला सांगा. काडी कोणत्या दाताच्या टोकाशी जाऊन थांबते ते दिसतं. मार लागताना शेजारच्या दातालाही धक्का बसलेला असतो आणि कधीकधी दोषी तोच निघतो.

पुळी नसलेल्या मुलांच्या पालकांसाठी मात्र इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होताना मी पाहते. दात आपटला, महिन्याभराने थंडाची चाचणी केली, मुलाला काही जाणवलं नाही, की लगेच पल्प मेला असं ठरवून दात उघडला जातो. असं करू नये. नव्याने आलेल्या दातात संवेदना पोचवणाऱ्या नसांचं जाळं अजून पुरतं तयार झालेलं नसतं. विजेच्या यंत्राची चाचणी तर अशा दातांत भरवशाचीच नाही. थंडाची त्यातल्या त्यात बरी. त्यात मार लागल्यावर रक्तपुरवठा शाबूत असलेला पल्पसुद्धा काही आठवडे, कधीकधी तीन महिने, गप्प राहतो आणि मग पुन्हा उत्तर देऊ लागतो. म्हणून एकट्या चाचणीवर काही ठरवायचं नाही. निदान दोन खुणा हव्यात: चाचणीला उत्तर नाही आणि शिवाय पुळी, किंवा टोकाशी हाड विरलेलं, किंवा ठोकल्यावर वाढत जाणारं दुखणं. करडा रंग एकटा असेल तर तोही पुरेसा पुरावा नाही, आत रक्त उतरल्यामुळे आलेला रंग काही वेळा निवळतो. आणि दात पिवळसर होत असेल तर बऱ्याचदा आतला पल्प जिवंत राहून कालवा, म्हणजे मुळातली पोकळ नळी, भरून टाकत असतो. त्या दाताला हात लावायची गरज बहुधा पडत नाही.

सगळ्यात विश्वासाचा साक्षीदार म्हणजे शेजारचा जुळा दात. दोन्ही मधल्या दातांचे एक्स-रे दर काही महिन्यांनी त्याच कोनातून काढायचे आणि शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. धडधाकट दाताचं मूळ लांबतंय, भिंत जाड होतेय, आणि मार लागलेल्या दातातही तेच होतंय, तर पल्प जिवंत आहे, चाचणी काहीही म्हणो. एक पुढे गेला आणि दुसरा होता तिथेच राहिला, तर मात्र समजायचं. याच तुलनेने दुसरी एक चूकही टळते. वाढत्या मुळाच्या टोकाशी मऊ ऊतीची एक गोल काळी सावली नेहमीच दिसते, ती रोगाची नसते. जुळ्या दाताच्या टोकाशीही तशीच सावली असेल तर काळजीचं कारण नाही.

वाट पाहायची म्हणजे दुर्लक्ष करायचं असं मात्र नाही. अशा दाताच्या भिंतीतल्या सूक्ष्म नळ्या रुंद असतात, जंतूंचं विष त्यातून लवकर बाहेर झिरपतं आणि मूळ बाहेरून झिजायला लागतं. मोठ्या माणसाच्या दातात जे व्हायला बराच काळ लागतो ते इथे काही आठवड्यांत होतं. दात हलला असेल, जागेवरून सरकला असेल, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतली एकही तपासणी चुकवू नका. झीज दिसली तर त्याच दिवशी दात उघडायचा.

पल्प जिवंत असताना नुसता उघडा पडला असेल, म्हणजे दात तुटला आणि मधोमध लाल ठिपका दिसतोय, तर चित्र फारच चांगलं असतं. पूर्ण पल्प काढण्याचा विचारही करायचा नाही. स्वीडनच्या मिओमीर स्वेक यांनी १९७८ साली याची पद्धत मांडली. पल्पचा वरचा फक्त २ मिलिमीटर भाग, भरपूर पाणी मारत, डायमंड बरने हलकेच कापायचा. रक्त थांबेपर्यंत ओला कापूस धरायचा, वर कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा आजच्या काळात एमटीए अथवा बायोडेंटीन यांसारखं दातासाठीचं सिमेंट ठेवायचं आणि दात घट्ट बंद करायचा. त्यांच्या रुग्णांत यश ९६ टक्के होतं. दात तुटून दोन-तीन दिवस झालेत, आता उशीर झाला, असं पालक म्हणतात तेव्हा मी त्यांना धीर देते. माकडांच्या दातांवर झालेल्या अभ्यासात आठवडाभर उघड्या राहिलेल्या पल्पमध्येही सूज वरच्या २ मिलिमीटरच्या फार खाली गेली नव्हती. खालचा पल्प राहिला की मूळ आपलं आपण पूर्ण होतं, आणि त्यापेक्षा चांगला उपचार आपल्यापैकी कोणालाही करता येत नाही.

आता तुमच्या मुलाचा दात, म्हणजे मेलेला पल्प आणि उघडं टोक.

जुनी पद्धत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची. १९६०च्या दशकात ती रूढ झाली. कालव्यात हे औषध भरायचं, दर काही महिन्यांनी बदलायचं, आणि सहा ते अठरा महिन्यांत टोकाशी कठीण अडसर तयार होतो. मग नेहमीसारखा गट्टापर्चा. अडसर होतो, पू थांबतो, हाड भरतं, सगळं खरं. पण दात पुढे मोडतात. स्वेक यांनीच १९९२ साली अशा दातांचा आढावा घेतला तेव्हा सगळ्यात कमी तयार झालेल्या मुळांपैकी ७७ टक्के आणि जवळजवळ पूर्ण झालेल्या मुळांपैकी २८ टक्के दात हिरडीच्या कडेलगत, दाताच्या मानेशी मोडलेले आढळले. याची दोन कारणं आहेत. एक, भिंत मुळात पातळ. दुसरं कारण २००२ साली आंद्रेआसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या दातांवर दाखवलं: कॅल्शियम हायड्रॉक्साइड दीर्घकाळ आत राहिलं तर दाताची ताकद साधारण वर्षभरात निम्म्यावर येते. म्हणून मी हे औषध जंतू मारण्यापुरतं, दोन ते चार आठवडे वापरते. वर्षभर औषध बदलत राहू असं कोणी सुचवलं तर कारण विचारा.

दात मोडण्याचा हा आकडा मी पालकांना मुद्दाम सांगते, कारण सगळ्यांचं लक्ष टोकाकडे असतं. टोक बंद झालं का, सावली गेली का. खरं तर ते आपण बहुतेक वेळा साधतो. चार-पाच वर्षांनी मूल पुन्हा येतं ते चेंडू लागून मानेशी मोडलेला दात घेऊन. म्हणून उपचाराच्या प्रत्येक पायरीला मी एकच प्रश्न विचारते: यात मानेजवळची भिंत वाचतेय का, आणि ती आणखी मजबूत करता येईल का?

आजची पहिली पद्धत एमटीएचा अडसर. एमटीए हे कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट, लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांच्या गटाने १९९०च्या दशकात पुढे आणलेलं. ओलसर जागेतही ते घट्ट होतं आणि शरीराला ते चालतं, म्हणून इथे एवढं उपयोगी. पहिल्या भेटीत रबर डॅम (दात थुंकीपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावून दात उघडायचा, कालवा औषधी पाण्याने धुवायचा, कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवून बंद करायचा. धुताना सोडियम हायपोक्लोराइट सौम्य, साधारण दीड टक्क्याचं, सुईचं भोक बाजूला असलेलं, सुई टोकाच्या आत थांबलेली, आणि पिचकारीवर बोटाचा जोर जवळजवळ नाहीच. उघड्या टोकातून हे द्रव बाहेर गेलं तर चेहरा सुजतो, मूल कळवळतं. फाइलने घासायचं नाही, साफसफाई धुण्यावरच सोपवायची. कालव्याची लांबी मोजणारं विजेचं यंत्र, एपेक्स लोकेटर, अशा दातात फसवतं, त्यामुळे एक्स-रेवरच भिस्त.

दुसऱ्या भेटीतलं काम कसं चालतं ते सांगते. पुळी सुकलेली असते, कालवा कोरडा. एमटीएची पूड पाण्यात ओल्या वाळूइतकी घट्ट कालवायची आणि छोट्या नळीने थोडी थोडी आत सोडायची. आधीच मापून रबरी खूण लावलेल्या जाड दट्ट्याने ती हलकेच खाली सरकवायची. जोर दिला की ती टोकाबाहेर निसटते, जोर कमी पडला की मध्ये पोकळी राहते. एक थर, एक एक्स-रे. टोकाशी ४ ते ५ मिलिमीटरचा सलग पांढरा अडसर दिसला की थांबायचं. वर ओला कापूस ठेवायचा, कारण सिमेंटला घट्ट व्हायला ओल लागते, तीन-चार तास लागतात. बायोडेंटीन वापरलं तर बारा मिनिटांच्या आसपास काम होतं आणि त्याच दिवशी पुढे जाता येतं. त्यानंतर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी येते. उरलेला अख्खा कालवा गट्टापर्चाने भरून टाकू नये. हिरडीच्या कडेच्या आणि हाडाच्या कडेच्याही खाली जाईल इतका खोल भाग कंपोझिटने चिकटवून भरावा, म्हणजे मानेला आतून आधार मिळतो. धातूचा पोस्ट, म्हणजे कालव्यात बसवतात ती काडी, या दातात नको. पातळ भिंतीत तो पाचरेचं काम करतो.

दुसरी पद्धत रिव्हॅस्क्युलरायझेशनची. कालवा निर्जंतुक करायचा, टोकापलीकडून रक्त आत येऊ द्यायचं आणि त्या गुठळीच्या आधाराने नवी ऊती आत वाढू द्यायची. विचार जुना आहे, पण २००१ साली जपानमधून इवाया आणि सहकाऱ्यांनी आणि २००४ साली बांक्स आणि ट्रोप यांनी आपले रुग्ण प्रसिद्ध केले तेव्हा त्याने जोर धरला. पहिली भेट वरच्यासारखीच. दुसऱ्या भेटीत भूल द्यायची ती रक्तवाहिन्या आकुंचित न करणारी, म्हणजे ३ टक्के मेपिव्हाकेन, नाहीतर रक्तच येत नाही. १७ टक्के ईडीटीए या रासायनिक द्रवाने कालवा धुवायचा. त्याने भिंतीत अडकलेले वाढीचे घटक मोकळे होतात. मग वाकवलेली फाइल टोकाच्या साधारण २ मिलिमीटर पलीकडे नेऊन फिरवायची. कोरड्या कालव्याच्या तळाशी आधी एक गडद ठिपका दिसतो, मग रक्त सावकाश वर चढतं. ते हिरडीच्या कडेच्या ३-४ मिलिमीटर खाली आलं की थांबू द्यायचं, गुठळी धरेपर्यंत पाहायचं. वर कोलॅजेनचा तुकडा, त्यावर एमटीए किंवा बायोडेंटीन, त्यावर कंपोझिट. कधीकधी कितीही प्रयत्न केला तरी पुरेसं रक्त येत नाही. तेव्हा हट्ट न धरता त्याच बैठकीत अडसराकडे वळावं, हे पालकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

यात मिळतं काय? पुळी जाते, हाड भरतं, यात दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच यशस्वी आहेत. रिव्हॅस्क्युलरायझेशनमध्ये काही दातांत मूळ लांबतं आणि भिंती जाड होतात, काहींत टोक तेवढं मिटतं, काहींत काहीच होत नाही. आत तयार होते ती बहुतेक वेळा खरी पल्प नसते. सिमेंटम (मुळावरचं कठीण आवरण) आणि हाडासारखी ऊती भिंतीवर बसते. २००१ आणि २००४चे ते गाजलेले रुग्ण खालच्या उपदाढांचे (सुळे आणि दाढा यांच्या मधल्या दातांचे) होते, मार लागलेल्या पुढच्या दातांचे नव्हते. उपदाढेत टोकाशी असलेली वाढीची ऊती आणि हर्टविगचं आवरण शाबूत असतं, जंतू वरून शिरलेले असतात. आपटलेल्या दातात त्या आवरणालाच इजा झालेली असू शकते. त्यामुळे मार लागलेल्या दातांत मुळाची वाढ कमी वेळा आणि कमी प्रमाणात दिसते. शिवाय नवी ऊती जाड होते ती बहुतांशी मुळाच्या मधल्या आणि खालच्या भागात. मानेजवळची भिंत आहे तशीच राहते.

एवढं असूनही तुमच्या मुलासाठी मी आधी रिव्हॅस्क्युलरायझेशनच सुचवेन, एका अटीवर. आठव्या वर्षी पल्प मेला म्हणजे मूळ बहुधा बरंच आखूड आहे. अशा मुळात अडसर बसवला तर दात जंतुमुक्त होईल, पण उरलेलं आयुष्य त्या आखूड, पातळ मुळावरच काढेल. थोडी वाढ मिळण्याची शक्यता असेल तर ती सोडू नये, आणि जमलं नाही तर अडसराचा मार्ग नंतरही मोकळा राहतो. अट अशी की तुम्ही तपासणीला नियमित येऊ शकाल आणि मूल दोन लांब बैठकींना तयार असेल. मूळ जवळजवळ पूर्ण झालेलं असेल, टोक फक्त एखाद मिलिमीटर उघडं असेल, किंवा पुढे तपासणी जमणार नसेल, तर एमटीएचा अडसर हाच शहाणपणाचा पर्याय.

रंगाबद्दल आधीच बोलून घ्या. पूर्वी तीन अँटिबायोटिक्सची पेस्ट वापरत, त्यातल्या मिनोसायक्लिनने दात काळपट हिरवा पडतो. जुन्या एमटीएनेही, ते पांढरं असलं तरी, करडी छटा येते. पुढच्या दातात मी कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि रंग न बदलणारं सिमेंट वापरते. रंग बदललाच तर आतून ब्लीचिंग करता येतं. कॅपची घाई करू नका. कॅपसाठी दात तासावा लागतो आणि तासली जाते ती तीच मानेजवळची भिंत.

पुळीसाठी अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका. ताप नाही, चेहऱ्यावर सूज नाही, तर त्यांचा उपयोग नाही. आत पोचायला रक्तपुरवठाच नसतो. कालवा साफ झाला की पुळी दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुकते. नाही सुकली तर आत जंतू उरलेत असं समजून औषध बदलून पुन्हा धुवावं लागतं, आणि तोवर पुढची पायरी उचलायची नाही.

अख्खा दात निघून पडला असेल तर हिशेब थोडा वेगळा. कायमचा दात मुकुटाच्या, म्हणजे हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागाच्या, बाजूने धरा, माती असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये क्षणभर हलवा आणि तिथल्या तिथे जागेवर बसवा. जमलं नाही तर थंड दुधात ठेवून दवाखाना गाठा. साध्या पाण्यात ठेवू नका. मूळ पूर्ण झालेल्या दाताचं रूट कॅनॉल दोन आठवड्यांच्या आत सुरू करतात. उघड्या टोकाच्या दातात मात्र पल्पला पुन्हा रक्त मिळण्याची आशा असते, म्हणून लगेच उघडत नाहीत, वारंवार तपासून वाट पाहतात. दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

उपचारानंतर तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि मग निदान पाच वर्षं दरवर्षी एक्स-रे. खेळताना माउथगार्ड. तारा लावायच्या असतील तर हाड भरलेलं एक्स-रेत दिसेपर्यंत थांबा आणि ऑर्थोडॉन्टिस्टना या दाताचा इतिहास सांगा. हे सगळं करूनही काही दात पुढे मोडतात किंवा हाडाला चिकटून खाली राहतात. तरी आत्ता तो काढू नका म्हणते याचं कारण असं की चेहऱ्याची वाढ थांबेपर्यंत इम्प्लांट बसवता येत नाही. आठव्या वर्षी दात काढला तर दहाएक वर्षं तिथलं हाड झिजत राहतं आणि इम्प्लांटला जागाच उरत नाही. दात हाडाला चिकटलाच तर मुकुट कापून मूळ आतच ठेवता येतं, म्हणजे हाडाची रुंदी टिकते. वय आणि दातांची गर्दी पाहून एखादी उपदाढ तिथे आणून बसवण्याचा विचारही होऊ शकतो, त्यासाठी ऑर्थोडॉन्टिस्टना सुरुवातीपासूनच सोबत घ्या.